जागतिक प्रदर्शन भरवायचे, तर जामीन कोण राहणार?

कस्तुरचंद पार्काजवळ सकाळी तर्री-पोह्याची प्लेट हातात घेऊन उभा होतो. शेजारी उभ्या असलेल्या एका तरुणाने मोबाइल पुढे केला. दुबईच्या एक्स्पोमध्ये, म्हणजे तिथल्या जागतिक प्रदर्शनात, भारताच्या दालनासमोर काढलेला त्याचा फोटो होता. तिकडे नोकरीला असताना तो तीनदा पाहून आला होता. मग त्याने विचारले, "काऊन भाऊ, दुबईत होते, त आपल्या नागपुरात काऊन नाही होत?"

"पैसा लागतो," एवढेच मी म्हणालो. घरी पोहोचेपर्यंत ते उत्तर खटकत राहिले, कारण ते अर्धेच खरे आहे. पैसा लागतोच, पण पैशाच्या आधी एक सही लागते. ती सही कोणाची आणि कशावर, हे कळले की बरेचसे कोडे उलगडते. त्या तरुणाला उभ्या उभ्या जे सांगता आले नाही, ते इथे नीट सांगतो.

आधी एक फरक लक्षात घेऊ. प्रदर्शन म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे रेशीमबागचे मैदान येते, नाहीतर ॲग्रोव्हिजनचे मंडप. तिथे गाळा घेणारा व्यापारी असतो, कंपनी असते, बचत गट असतो. जागतिक प्रदर्शनात गाळा घेणारा देश असतो. जपान दालन उभारतो, केनिया उभारतो, भारत उभारतो, आणि प्रत्येक देशाचे सरकार तिथे आपला अधिकृत प्रतिनिधी नेमते. म्हणून यजमानपदही शहराला मिळत नाही, ते देशाला मिळते. आपण सवयीने 'दुबई एक्स्पो' किंवा 'ओसाका एक्स्पो' म्हणतो, पण मुख्य कागदावर नाव असते ते संयुक्त अरब अमिरातीचे आणि जपानचे.

हा कागद पाहणारी आंतरराष्ट्रीय प्रदर्शनांची संस्था पॅरिसला आहे. तिच्या फ्रेंच नावावरून तिला जगभर बीआयई म्हणतात. २२ नोव्हेंबर १९२८ रोजी पॅरिसमध्ये झालेल्या आंतरराष्ट्रीय करारातून ती जन्मली. त्याआधी कोणीही उठून 'जागतिक' प्रदर्शन जाहीर करत असे, एकाच वर्षी दोन-दोन ठिकाणची आमंत्रणे येत आणि कुठे जायचे, कुठे नाही, याने देश हैराण होत. आज १८० हून अधिक देश या संस्थेचे सभासद आहेत. कोणते प्रदर्शन कधी, किती दिवस आणि कुठे, हे ते मतदानाने ठरवतात.

मोठे वर्ल्ड एक्स्पो पाच वर्षांतून एकदा भरते, जास्तीत जास्त सहा महिने चालते आणि त्याला जागेची मर्यादा नसते. दुबईचे मैदान ४३८ हेक्टरांचे होते. दुसरा प्रकार विशेष प्रदर्शनाचा. ते तीन महिन्यांच्या आत संपते, २५ हेक्टरांपेक्षा मोठे करता येत नाही आणि एकाच विषयाला वाहिलेले असते. तिसरा प्रकार बागायती प्रदर्शनाचा, तिथे उलट किमान ५० हेक्टर जागा लागते. या तिसऱ्याकडे शेवटी परत येईन, कारण संत्र्याच्या शहराला तोच जवळचा आहे.

आता सही.

बीआयईच्या करारात एक कलम आहे. सामान्य वाचक ते वाचत नाही, पण माझ्या मते साऱ्या व्यवहाराचा पाया तेच आहे. प्रदर्शन सरकारने स्वतः भरवले तर प्रश्नच नाही. एखाद्या कंपनीने, महामंडळाने किंवा शहराने भरवले, तर त्या आयोजकाच्या सगळ्या जबाबदाऱ्या पार पडतील याची हमी त्या देशाच्या सरकारने द्यायची. आपल्या भाषेत सांगायचे तर सरकार जामीन राहते. आयोजक बुडाला, पळाला, भांडला, तरी पाहुण्या देशांना दिलेला शब्द सरकारला पाळावा लागतो. बँकेत किंवा पतसंस्थेत कोणासाठी जामीन राहिलेल्या माणसाला या सहीचे वजन वेगळे सांगायला नको.

ही कल्पना करारापेक्षा जुनी आहे. लंडनचे १८५१ चे प्रदर्शन हे अशा सगळ्या प्रदर्शनांचे मूळ. व्हिक्टोरिया राणीचे पती प्रिन्स अल्बर्ट आणि सरकारी अधिकारी हेन्री कोल त्याच्या मागे होते. सरकारी तिजोरीतून पैसे घ्यायचे नाहीत असे ठरले होते. सुरुवातीला एका ठेकेदाराशी करार केला, पण नफा त्याच्या खिशात जाणार यावरून ओरड झाली आणि करार मोडला. पैसे मात्र उभे राहत नव्हते. मग काही धनिकांनी हमी लिहून दिली. रेल्वे बांधणाऱ्या सॅम्युएल पेटो यांनी एकट्याने ५०,००० पौंडांची दिली. हमीची बेरीज २,३०,००० पौंडांवर गेली आणि तिच्या जोरावर बँकेचे कर्ज मिळाले. प्रत्यक्षात हमीदारांना एक पैसाही भरावा लागला नाही. सुमारे ६० लाख लोक आले, १,८६,००० पौंड शिल्लक राहिले, आणि त्या शिलकीतून दक्षिण केन्सिंग्टनची जमीन घेतली गेली. आज लंडनची मोठी संग्रहालये तिथेच उभी आहेत. जामीन राहणारे भक्कम असले की कर्ज मिळते आणि काम सुरू होते, हे तिथे पहिल्यांदा दिसले.

उलटे उदाहरणही आहे. १९८४ साली अमेरिकेतल्या न्यू ऑर्लिन्सचे प्रदर्शन, अपेक्षेइतके लोक न आल्याने, संपायच्या आधीच दिवाळखोरीत गेले. जर्मनीतल्या हॅनोव्हरला २००० साली ४ कोटी लोक येतील असा हिशेब होता. आले सुमारे १ कोटी ८० लाख. दोन अब्ज मार्कांहून मोठा खड्डा पडला. तो शेवटी जर्मनीच्या केंद्र सरकारने आणि त्या राज्याने भरला, म्हणजे करदात्यांनी.

म्हणून 'सरकारी पाठिंबा' हा शब्द ऐकला की मला फीत कापणारा मंत्री दिसत नाही. मी विचारतो, तूट आली तर कोण किती भरणार, आणि ते कुठे लिहिले आहे? २०२५ च्या ओसाका प्रदर्शनात हे सुरुवातीलाच लिहिले होते. बांधकामाचा खर्च तीन वाटेकऱ्यांनी समान उचलायचा: जपान सरकार एक तृतीयांश, ओसाका प्रांत आणि शहर मिळून एक तृतीयांश, उद्योगजगत एक तृतीयांश. खर्च १२५ अब्ज येनांवरून २३५ अब्जांवर गेला आणि तिथल्या वर्तमानपत्रांनी आयोजकांना चांगलेच धारेवर धरले. पण वाटे ठरलेले असल्याने काम थांबले नाही.

पैशाखेरीज सरकार जे देते ते दुसऱ्या कोणालाच देता येत नाही. शंभराहून अधिक देशांचे हजारो लोक सहा महिने राहणार, त्यांचे व्हिसा. त्यांनी आणलेल्या वस्तू, यंत्रे, चित्रे सीमाशुल्क न भरता आत येणार आणि प्रदर्शनानंतर परत जाणार, त्याचे नियम. आणि आमंत्रण! करारानुसार पाहुण्या देशांना आमंत्रण फक्त यजमान सरकारच, दूतावासांमार्फत पाठवू शकते. नागपूरचे महापौर केनियाला पत्र लिहू शकतील, पण ते अधिकृत आमंत्रण ठरणार नाही.

पॅरिसची मान्यता नसताना काय होते, हे न्यूयॉर्कने अनुभवले. १९६४ च्या तिथल्या प्रदर्शनाचे प्रमुख रॉबर्ट मोझेस यांना प्रदर्शन दोन वर्षे दोन हंगामांत चालवायचे होते आणि देशांकडून जागेचे भाडेही घ्यायचे होते. दोन्ही नियमांविरुद्ध. बीआयईने मान्यता नाकारली आणि सभासद देशांना जाऊ नका असे सांगितले. बरेचसे युरोपीय देश, कॅनडा, ऑस्ट्रेलिया आलेच नाहीत. गर्दी झाली, पण जग आले नाही.

त्याच्या दोन वर्षे आधी अमेरिकेच्या वायव्य टोकावरच्या सिॲटलने जे केले, ते नागपूरकरांनी मन लावून पाहावे असे आहे. सिॲटलची लोकसंख्या १९६० साली साडेपाच लाखांच्या आसपास होती. नागपूर २०११ च्या जनगणनेत २४ लाखांवर होते. प्रदर्शनाची कल्पना १९५५ मध्ये शहराच्या नगरसेवकांतून निघाली. ते आधी वॉशिंग्टनला हात पसरायला गेले नाहीत. १९५६ साली शहरातल्या मतदारांनी ७५ लाख डॉलरच्या रोख्यांना मतदानाने मंजुरी दिली. शहराने घातले तेवढेच मग राज्याने घातले. १९५७ मध्ये रशियाचा स्पुटनिक उपग्रह आकाशात गेला, अमेरिकेला विज्ञानाची घाई झाली, आणि केंद्र सरकारने विज्ञान दालनासाठी पैसे मंजूर केले. मोटारी विकणारे जो गँडी हे प्रदर्शनाचे अध्यक्ष झाले आणि पॅरिसला जाऊन त्यांनी बीआयईची मान्यता आणली. शहराची ओळख झालेला स्पेस नीडल हा मनोरा तर खासगी पैशातून उभा राहिला. सुमारे ९६ लाख लोक आले. विज्ञान दालन आजही विज्ञान केंद्र म्हणून चालू आहे. शाळेची मुले तिथे जातात.

शहराने आधी स्वतःचे पैसे ठेवले, म्हणून राज्याला नाही म्हणणे जड गेले. शहर आणि राज्य दोघे आत असल्यामुळे केंद्रालाही ते जड गेले. लग्नात घरचे लोक आधी आहेर करतात, मग बाकीचे, तसेच हे.

आपल्याकडे ही साखळी कशी दिसेल? खाली महापालिका, नागपूर सुधार प्रन्यास, महानगर प्रदेश विकास प्राधिकरण. मध्ये राज्य मंत्रिमंडळ. वर वाणिज्य, परराष्ट्र, अर्थ आणि गृह ही चार तरी मंत्रालये, आणि दिल्लीचे प्रगती मैदान चालवणारे भारत व्यापार संवर्धन संघटन. यांपैकी एकाने हो म्हटले आणि दुसऱ्याने फाइल ठेवून घेतली, तर वर्षे जातात. आणि वर्षे मोजूनच मिळतात. २०३० च्या प्रदर्शनासाठीचे अर्ज ऑक्टोबर २०२१ मध्ये बंद झाले आणि २८ नोव्हेंबर २०२३ रोजी मतदान झाले. सौदी अरेबियाच्या रियाधला ११९ मते, दक्षिण कोरियाच्या बुसानला २९, रोमला १७. सात वर्षे आधी निकाल, नऊ वर्षे आधी अर्ज. आपली पंचवार्षिक निवडणूक या काळात एकदा तरी, बहुधा दोनदा येते. पक्ष बदलले तरी पाठिंबा टिकेल, असे विरोधकांकडूनही लिहून घ्यावे लागते. पॅरिसहून तपासणीला येणारे पथक विरोधी पक्षाच्या नेत्यांनाही भेटते, ते याच कारणाने.

आता प्रचार. त्याचे दोन श्रोते आहेत आणि दोघांना एकच गोष्ट सांगून चालत नाही.

पहिला श्रोता म्हणजे मत देणारे देश. मतदान गुप्त असते. मोठ्या देशाला एक मत आणि लहान बेटाच्या देशालाही एकच. तिथे रस्त्यावरचे फलक, झगमगाट कामाला येत नाही. तिथे विषय कामाला येतो. 'आमचे शहर सुंदर आहे' हा विषय होत नाही. सगळ्या जगाला पडलेला प्रश्न लागतो, आणि त्या प्रश्नाशी तुमचे शहर खरोखर झगडत असावे लागते. स्पेनच्या आतल्या भागातल्या, एब्रो नदीकाठच्या झारागोझाने २००८ साठी 'पाणी आणि शाश्वत विकास' हा विषय घेतला आणि मतदानात थेस्सालोनिकी व ट्रिएस्ते या बंदरांना मागे टाकले. कोरडवाहू मुलखातल्या शहराने पाण्याबद्दल बोलावे हे लोकांना पटले. गरीब देशांना दालन उभारायला यजमान काय मदत करणार, हाही प्रचाराचाच भाग असतो. विशेष प्रदर्शनात तर यजमानाने दालने बांधून पाहुण्यांना बिनभाड्याने द्यायची असतात.

दुसरा श्रोता म्हणजे तिकीट काढणारा माणूस. काटोलचा, उमरेडचा, छिंदवाड्याचा. हॅनोव्हरमध्ये नेमके इथे चुकले. तिथे गेल्यावर काय पाहायला मिळेल हे जाहिरातींतून कळतच नाही, अशी टीका झाली. लंडनने १८५१ मध्ये हे फार छान सांभाळले होते. सुरुवातीची तिकिटे श्रीमंतांपुरती होती, पण २६ मेपासून आठवड्यातले चार दिवस एका शिलिंगात प्रवेश मिळू लागला. गावोगावच्या कामगारांनी त्यासाठी आधीपासून बचत मंडळे काढली होती, दर आठवड्याला थोडे थोडे पैसे टाकायचे. आपली भिशीच ती! थॉमस कुक यांनी स्वस्त रेल्वे सहली काढून दीड लाखाच्या वर माणसे लंडनला नेली. हमी धनिकांनी दिली खरी, पण गर्दी केली ती शिलिंगवाल्यांनी.

आणि सगळ्यांत आधी पटवायचे असते ते स्वतःच्या गावाला. व्हिएन्ना आणि बुडापेस्ट या दोन शहरांना १९९५ चे प्रदर्शन मिळून मिळाले होते. १९९१ मध्ये व्हिएन्नाच्या नागरिकांना मतदानाने विचारले, आणि जवळजवळ दोन तृतीयांश लोक नको म्हणाले. भाडी वाढतील, वाहतूक कोंडेल, ही भीती होती. व्हिएन्नाने माघार घेतली. मला यात अपयश दिसत नाही. पाया खणायच्या आधी विचारले, म्हणून नुकसान थोडक्यात राहिले. त्याच जागेवर पुढे डोनाऊ सिटी ही नवी वस्ती उभी राहिली.

नागपूर प्रदर्शनाला नवखे नाही. मध्य प्रांताचे मुख्य आयुक्त रिचर्ड टेंपल यांच्या काळात, डिसेंबर १८६५ मध्ये, इथे कला, कारागिरी आणि शेतमालाचे मोठे प्रदर्शन भरले होते. रेल्वे नागपुरात आली १८६७ साली, म्हणजे तो माल नागपुरात पोहोचला रस्त्याने. आपला अजब बंगला, म्हणजे मध्यवर्ती संग्रहालय, त्याच काळातला, १८६३ चा. पण बीआयईच्या नियमांखालचे वर्ल्ड एक्स्पो भारतात अजून एकदाही झालेले नाही. आपण पाहुणे म्हणून गेलो. शांघायला २०१० मध्ये बांबूचा भव्य घुमट उभारला, दुबईला आणि ओसाकाला दालने लावली.

मोठे एक्स्पो नागपूरने मागावे असे मला वाटत नाही. ओसाकाच्या १८४ दिवसांत अडीच कोटींहून अधिक लोक आले. रोजची सरासरी १ लाख ३५ हजारांच्या पुढे. एखाद्या दिवसाची गर्दी नागपूर सांभाळते, आणि ती कशी सांभाळायची हे जगाला शिकवू शकते. धम्मचक्र प्रवर्तन दिनाला दीक्षाभूमीवर लाखो लोक येतात, पाणी, दवाखाना, बस, जेवणदान सगळे उभे राहते, पुस्तकांच्या दुकानांपुढे रांगा लागतात. त्यामागे महापालिकेइतकेच हजारो स्वयंसेवक असतात. पण ते काही दिवसांचे असते. सहा महिने रोज तेवढे पाणी, तेवढ्या खोल्या, तेवढी विमाने हा हिशेब वेगळा आहे.

मग ऊन. दुबईने प्रदर्शन ऑक्टोबर ते मार्च ठेवले, रियाधही तेच करणार आहे. नागपूरच्या मे महिन्यात रांगेत कोणाला उभे करता येणार नाही. उरतात नोव्हेंबर ते फेब्रुवारी. त्यातच डिसेंबरात हिवाळी अधिवेशन, म्हणजे हॉटेले भरलेली, पोलीस बंदोबस्ताला, मोर्चे रस्त्यावर. १९५३ च्या नागपूर करारातून आलेला हा आपला हक्क आहे, तो हलवायचा नाही. प्रदर्शनाच्या तारखा त्याच्याभोवती बसवाव्या लागतील.

म्हणून बागायती प्रदर्शन. ५० हेक्टर म्हणजे साधारण १२४ एकर, दिल्लीच्या भारत मंडपम संकुलाएवढी जागा. विषय तर दारात उभा आहे: पाणी कमी होत असताना आणि उन्हाळा वाढत असताना फळबाग कशी जगवायची? लिंबूवर्गीय फळांची केंद्रीय संशोधन संस्था नागपुरात, कापसाची नागपुरात, मातीच्या सर्वेक्षणाची नागपुरात, पर्यावरण अभियांत्रिकीची नीरी नागपुरात. स्पेनपासून दक्षिण आफ्रिकेपर्यंत लिंबूवर्गीय फळे पिकवणाऱ्या सगळ्या देशांना या प्रश्नात रस आहे. अंबिया बहाराची संत्री ऑक्टोबर ते डिसेंबर निघतात आणि मृगाची फेब्रुवारी-मार्चमध्ये, म्हणजे पाहुण्याला झाडावरचे फळही दाखवता येईल. मोर्शी-वरूडचा शेतकरी प्रदर्शनात केवळ प्रेक्षक राहणार नाही. परदेशी शास्त्रज्ञांना दाखवायची बाग त्याचीच असेल.

यात धोका नाही असे नाही. नेदरलँड्समध्ये अल्मेर शहराने २०२२ मध्ये असेच बागायती प्रदर्शन भरवले, २० लाख लोकांची आशा धरली, सात लाखांच्या आसपास आले आणि शहर मोठ्या तोट्यात गेले. फुलांच्या देशात, फुलांच्या प्रदर्शनाचे हे झाले! म्हणून नागपूरच्या अहवालात प्रेक्षकांचा आकडा धरताना निम्मे लोक आले तर काय, हे पान आधी लिहावे. त्या पानावर महापालिका किती, राज्य किती, केंद्र किती, हे रुपयांत असावे. ते महापालिकेच्या सभागृहात मोठ्याने वाचले जावे आणि त्याच दिवशी मोर्शीच्या बाजार समितीतही.

पोह्याच्या गाडीवर तो तरुण पुन्हा भेटला, तर हे सगळे सांगायला अर्धा तास लागेल. तर्री गार होईल, पण त्याच्याकडूनही एक गोष्ट मला विचारायची आहे. तीनदा गेलास, त्यात तिसऱ्यांदा कशासाठी गेलास? नागपूरला जे दालन बांधावे लागेल, त्याचा नकाशा मला त्या उत्तरापासून सुरू करायचा आहे.